माणूसपण हे बक्षीस नव्हे : ‘चंदू चॅम्पियन’च्या निमित्ताने

जखमी झालेल्या खेळाडूची कथा आपल्याकडे एकाच साच्यातून सांगितली जाते. आधी खेळाडूची उमेद, मग आघात, मग अंधार, मग जिद्द आणि अखेरीस पदक. पदक मिळाले की कथा संपते. प्रेक्षक डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशी शिक्षक वर्गात सांगतात, बघा, मनात आणले तर माणूस काय करू शकत नाही! या साच्यात पदक न मिळालेल्या जखमी माणसाला जागा नाही. त्याचीही कथा सांगण्यासारखी आहे असे कुणाला वाटत नाही, कारण जखमेची भरपाई विजयाने व्हावी अशी एक हिशेबी कल्पना आपल्या मनात घर करून बसली आहे. या कल्पनेची तपासणी करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे, आणि त्यासाठी ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट उपयोगी पडतो.

कबीर खान यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट जून २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. तो मुरलीकांत पेटकर यांच्या आयुष्यावर आधारलेला आहे. पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठचे. कोवळ्या वयात ते सैन्यात दाखल झाले, तेथे मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आले आणि १९६४ मध्ये टोकियोला झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून ते जबर जखमी झाले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. १९६८ मध्ये तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांची जागतिक विक्रमी वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधील हे भारताचे पहिले सुवर्णपदक होते. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळाले ते त्यानंतर ३६ वर्षांनी, २००८ मध्ये.

एवढे मोठे आयुष्य महाराष्ट्रातील बहुसंख्य वाचकांना चित्रपट येईपर्यंत ठाऊक नव्हते. ते त्याने घराघरात नेले, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. कार्तिक आर्यन यांनी भूमिकेसाठी घेतलेली मेहनत दिसते. रुग्णालयाच्या वॉर्डातील माणसे नुसती दयनीय रंगवलेली नाहीत. ती चेष्टा करतात, चिडतात, एकमेकांना सांभाळून घेतात. हेही थोडे नाही. पण एखादी कलाकृती काय दाखवते याबरोबरच ती कशावर विश्वास ठेवते, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

या चित्रपटाचा विश्वास त्याच्या नावातच आहे. गावातला एक मुलगा ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकण्याच्या गोष्टी बोलतो आणि सारा गाव त्याला हसतो. ‘चंदू चॅम्पियन’ ही त्या हसण्याची शिवी आहे. पुढे हे हसणे त्याचा पाठलाग करते आणि अखेरीस पदक मिळाल्यावर ते थांबते. चित्रपटाची सगळी बांधणी या एका सूत्रावर उभी आहे. लोक हसतात आणि विजय त्यांची तोंडे बंद करतो.

येथे प्रश्न उपस्थित होतो. पदक मिळाले नसते तर? हायडेलबर्गच्या त्या तलावात तोच माणूस चौथा आला असता तर गावाचे हसणे योग्य ठरले असते काय? लहान मुलाने मोठे स्वप्न पाहिले म्हणून त्याला हसणारा गाव हा मुळात दोषी आहे. पण चित्रपट गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. तो मुलालाच पुरावा गोळा करायला पाठवतो. तू हसण्याच्या लायकीचा नाहीस हे तू सिद्ध कर, असा त्याचा अर्थ होतो. मान ही माणसाला जन्मतः असलेली गोष्ट आहे की ती जिंकून आणायची वस्तू आहे, हा येथे खरा प्रश्न आहे. या नियतकालिकाच्या वाचकांना तो नवा नाही. ‘आधी पात्रता दाखवा, मग पंक्तीला बसा’ हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या ऐकले आहे.

आणि पात्रता दाखवल्यावर तरी काय घडते? पळवणकर बाळू यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज आपल्या काळातील हिंदुस्थानचा अव्वल गोलंदाज होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात मैदानावर सवर्ण सहकाऱ्यांबरोबर ते खेळत, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ मध्ये, आणि तेही मोठ्या वादंगानंतर. बळी मोजले जात होते, माणूस मोजला जात नव्हता. विजयाने प्रतिष्ठा आपोआप मिळते या समजुतीला याहून मोठा छेद कोणता असू शकेल?

खुद्द ‘चंदू चॅम्पियन’च्या आरंभीच आणखी एक उदाहरण उभे आहे, पण चित्रपट त्याच्याकडे वळून पाहत नाही. लहानग्या मुरलीच्या मनात स्वप्न पेरले जाते ते खाशाबा जाधव यांचे स्वागत पाहून. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवून गोळेश्वरचा हा मल्ल परतला, तेव्हा कऱ्हाडच्या परिसरात जल्लोष झाला. पण मिरवणूक संपल्यानंतर खाशाबांचे काय झाले? गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची संधी हुकली. ते पोलीस खात्यात नोकरीला लागले आणि तेथेच त्यांचे उर्वरित आयुष्य गेले. १९८४ मध्ये त्यांचा रस्ते अपघातात मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर. म्हणजे ज्या माणसाला पाहून मुलाने स्वप्न पाहिले, तो स्वतःच एक जखमी आणि विस्मृत खेळाडू होता. चित्रपटाने खाशाबांची मिरवणूक घेतली, त्यांचा गुडघा घेतला नाही. गुडघा घेतला असता तर पदकाने सारे काही चुकते होते या त्याच्या मूळ विश्वासालाच तडा गेला असता.

आता जिद्द या शब्दाकडे वळू. जखमी खेळाडूविषयी मराठीत लिहिताना या शब्दावाचून कुणाचे पान हलत नाही. जिद्द ही खोटी गोष्ट नाही. पेटकरांच्या अंगी ती नसती तर ते पाण्यात उतरले नसते. परंतु जिद्द हे जेव्हा एकमेव कारण म्हणून सांगितले जाते, तेव्हा ती एक सोयीची पळवाट बनते. ज्याला जमले त्याच्यात जिद्द होती, म्हणून ज्याला जमले नाही त्याच्यात ती नव्हती, असा निष्कर्ष न बोलता निघतो. मग व्यवस्थेकडे कुणी बोट दाखवण्याचे कारण उरत नाही.

आकडेच पाहावेत. १९७२ नंतर पॅरालिंपिकमध्ये भारताला पुढचे सुवर्णपदक मिळाले ते २००४ मध्ये, अथेन्स येथे, देवेंद्र झाझडिया यांच्या भालाफेकीमुळे. मधली ३२ वर्षे या देशातील अपंग खेळाडूंत जिद्दच नव्हती असे म्हणावयाचे काय? १९६८ ते २०१६ या काळात सर्व पॅरालिंपिक स्पर्धा मिळून भारताची पदके होती १२. त्यानंतर २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या एकाच स्पर्धेत १९ आणि २०२४ मध्ये पॅरिसला २९ पदके मिळाली. पेटकरांच्याच सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्यपदक त्यात आहे. पाच-दहा वर्षांत माणसांची जिद्द अचानक कित्येक पटींनी वाढत नाही. वाढतात ती प्रशिक्षकांची, साधनांची, आहाराची आणि शिष्यवृत्तीची सोय. २०१४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ऑलिंपिक पदक योजनेत अपंग खेळाडूंनाही स्थान मिळाले, त्याचा हा परिणाम आहे. जिद्द आधीही होती. तिला उभे राहायला जमीन नव्हती.

पेटकरांच्या बाबतीत ही जमीन काही प्रमाणात होती. सैन्याचे रुग्णालय होते, तेथे तलाव होता, पाण्यात उतरवणारे उपचारक होते. परदेशी जाण्याच्या खर्चाला माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने हातभार लावला. पुढे पुण्यात टेल्कोची नोकरी मिळाली. हे सांगितल्याने पेटकरांचे मोठेपण कमी होत नाही. उलट इतरांना काय मिळाले पाहिजे हे त्यातून कळते. कार्यकर्त्याला जिद्दीची मागणी सरकारकडे करता येत नाही. तलावाची, उपचारकाची आणि नोकरीची करता येते.

ज्या स्पर्धेत पेटकर पोहले, त्या स्पर्धेचा उगमही विजयाच्या वेडातून झालेला नाही. लुडविग गुटमन हे ज्यू डॉक्टर. नाझी राजवटीने त्यांना केवळ ज्यू म्हणून सार्वजनिक रुग्णालयातील कामावरून दूर केले. १९३९ मध्ये ते इंग्लंडला निर्वासित म्हणून आले आणि १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. तोवर अशा रुग्णांची एक तर अंथरुणातील जखमांनी नाही तर मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरण्याची वाट पाहिली जात असे. गुटमन यांनी दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवण्याची शिस्त घातली, त्यांना काम दिले, खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, या रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिक, स्त्रिया आणि पुरुष, धनुष्यबाण घेऊन उतरले. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ हे आहे. ज्याला समाजाने माणसांतून वजा केले होते, त्या डॉक्टरने इतरांनी वजा केलेल्या रुग्णांना पुन्हा माणसांत आणले. त्या सोळांपैकी पहिला कोण आला हे आज कुणाला आठवत नाही. आठवण्याची गरजही नाही. जे रुग्ण मरणार असे गृहीत होते, ते दुपारच्या उन्हात नेम धरून बसले होते, हेच त्या दिवसाचे कर्तृत्व होते.

हीच गोष्ट पाण्याची. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला जमिनीवर प्रत्येक हालचालीसाठी कुणाची तरी मदत लागते. पाणी शरीराचे वजन उचलून धरते. छाती, खांदे आणि हात यांच्या बळावर माणूस स्वतःच्या इच्छेने पुढे सरकू शकतो. लुळे पाय मागे ओढतात, त्यांची भरपाई हातांना करावी लागते, पण दिशा मात्र त्याची स्वतःची असते. मुष्टियुद्ध गेलेल्या माणसाला पोहण्याने जे दिले ते पदकाच्या कितीतरी आधी दिले. स्वतःच्या शरीरावरची सत्ता त्याला परत मिळाली. जखमी खेळाडूच्या आयुष्यात विजयापलीकडचा हेतू म्हणतात तो असा अगदी ठोस असतो. कॅमेरा या क्षणावर थोडा रेंगाळला असता तर एक वेगळा आणि अधिक खरा चित्रपट निर्माण झाला असता. पण त्याला हायडेलबर्गला पोहोचण्याची घाई आहे.

या ठिकाणी आर्थिक वास्तवाचाही विचार केला पाहिजे. दुखापतीनंतर खेळाडूने मन कसे सावरावे, यशाच्या पलीकडे आनंद कसा शोधावा, यावर आजकाल पुष्कळ बोलले जाते. त्यात तथ्य आहे. पण हे बोलणारे बहुधा असे गृहीत धरतात की खेळाडूच्या घरी चूल पेटलेली आहे. खेड्यातल्या शेतमजुराचा मुलगा कबड्डी खेळतो किंवा मुलगी धावते, तेव्हा त्या खेळावर खेळाडूंच्या राखीव जागेतील नोकरी, पोलीस भरती, सैन्य भरती टांगलेली असते. श्रम करणाऱ्या घराची सारी मिळकत शरीरातच असते. अशा खेळाडूच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटतो तेव्हा त्याच्या स्वप्नाबरोबर कुटुंबाचा मार्गही तुटतो. त्याला ‘जिंकण्यापलीकडे पाहा’ असे सांगणे हे उपाशी माणसाला अन्नापलीकडे पाहायला सांगण्यासारखे आहे. त्याला आधी शस्त्रक्रियेचा खर्च, व्यायामोपचार आणि शिक्षणाचा खंडित न झालेला धागा हवा. मग जिंकण्यापलीकडे काय आहे हे तो स्वतः पाहील. त्याला उपदेशकाची गरज पडणार नाही.

मराठीत या अनुभवाचे वेगळे लेखन झालेलेच नाही असे मात्र नाही. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन या संदर्भात आठवते. त्या नामवंत खेळाडू म्हणून ओळखल्या जात नाहीत. ऐन किशोरवयात त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले आणि पुढे त्यांनी कोल्हापुरात अपंगांसाठी संस्था उभी केली. पुस्तकाचे नावच पाहावे. चित्रपटाच्या नावात किताब आहे, पुस्तकाच्या नावात रोज वापरायची वस्तू. किताब एकालाच मिळतो. खुर्ची हजारांना लागते, आणि तिच्यासाठी उतार लागतो, रुंद दार लागते, जाता येईल असे शौचालय लागते. एका नावातून कौतुक निघते, दुसऱ्यातून मागणी निघते. सामाजिक जाणिवेचे लेखन कोणत्या नावाखाली व्हावे याचा निर्णय वाचकांनीच करावा.

कौतुकाचा आणि हक्काचा हा भेद शब्दांतही उतरतो. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी अपंगांसाठी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदोपत्री रूढ झाला. हेतू चांगला असेल. पण आपल्या समाजाला वरून मिळालेल्या गोड नावांचा अनुभव आहे. ‘हरिजन’ म्हटल्याने तळे खुले झाले नव्हते. ते खुले व्हावे म्हणून महाडला चालत जावे लागले होते. अंगाला दिव्य म्हटल्याने बसची पायरी खाली येत नाही. ती खाली यायची तर २०१६ च्या कायद्याकडे बोट दाखवावे लागते. या कायद्याने मान्य केलेल्या अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या ७ वरून २१ झाली आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाल्या. पदक मिळवलेल्यालाच त्या मिळतील असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. तो जिंकलेल्या माणसाचा कायदा नाही, माणसाचा आहे. म्हणून तो चित्रपटापेक्षा पुढे आहे.

असे असूनही ‘चंदू चॅम्पियन’ला एक गोष्ट नेमकी सापडली आहे, आणि ती अनेकांच्या नजरेतून निसटली असावी. चित्रपटाची चौकट पोलीस ठाण्याची आहे. म्हातारे पेटकर ठाण्यात येतात आणि अर्जुन पुरस्कार नाकारला गेला म्हणून देशाच्या माजी राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवून घ्या, असे म्हणतात. ठाण्यातली माणसे आधी हसतात. चित्रपटातील हे सर्वांत मोलाचे हसणे आहे, कारण यावेळी समोर सुवर्णपदक मिळवलेला माणूस आहे आणि तरीही त्याला हसले जाते. विजय हसणे थांबवतो हे चित्रपटाचे सूत्र चित्रपटानेच येथे खोडून काढले आहे. दिग्दर्शकाला हे कितपत अभिप्रेत होते कोण जाणे, पण कलाकृती कधीकधी आपल्या कर्त्यापेक्षा अधिक खरे बोलते.

ही तक्रार कल्पनेतली असली तरी तिच्यामागचे दुःख कल्पित नाही. पेटकरांनी १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी दाद मागितली होती आणि ती फेटाळली गेली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव म्हणून, जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. हायडेलबर्गला ५२ वर्षे उलटून गेली होती. चित्रपट आधी आला आणि पुरस्कार नंतर, हा क्रमही ध्यानात ठेवावा.

जखमी खेळाडूला विजयापलीकडे काय सापडू शकते, याचे उत्तर मला त्या ठाण्यातल्या म्हाताऱ्याच्या हट्टात दिसते. तो दया मागत नाही, आपल्या दुःखाची गोष्ट विकत नाही. माझे नाव नोंदवून घ्या, एवढेच म्हणतो. पेटकरांना ही नोंद निदान मिळाली. पण त्यांच्या वॉर्डात जे होते आणि ज्यांना पदक मिळाले नाही, हायडेलबर्गच्या तलावात जे शेवटचे आले, भरतीच्या मैदानावर ज्यांचा पाय मोडला आणि जे आज कुठे हमाली करतात, कुठे पानाची टपरी चालवतात, त्यांची नोंद कोण घेणार? चित्रपटाला ते परवडणार नाही, कारण त्यांच्या कथेला शेवटी वाजवायला राष्ट्रगीत नाही. साहित्याला मात्र ते परवडले पाहिजे. आपल्या तरुण लेखकांनी जिद्दीच्या कथा लिहिण्याआधी या माणसांकडे जाऊन बसावे, त्यांना काय लागते ते विचारावे आणि ते तसेच्या तसे लिहावे.